‘खोली तापते’ आणि ‘खोलीत उकडते’ : वातानुकूलित घरातील विषम गारव्याविषयी

वातानुकूलन यंत्र बसविलेल्या घरात उन्हाळ्याच्या दिवसांत एक तक्रार हटकून ऐकू येते. दिवाणखान्यात गारवा असतो, मधल्या खोलीत बरे वाटते, आणि पश्चिमेकडील खोलीत मात्र बसवत नाही. या वैषम्याचे कारण बहुधा यंत्रात शोधले जाते. गॅस कमी झाला असावा, यंत्र लहान पडत असावे, असे तर्क होतात व कारागीर बोलावला जातो. पुष्कळदा यंत्र निर्दोष असते. घरातील माणसे तक्रार करताना जे शब्द वापरतात त्यांत खऱ्या कारणाचा बराचसा निर्देश असतो. परंतु ते शब्द तक्रार म्हणून ऐकले जातात, निरीक्षण म्हणून नव्हे. ‘खोली तापते’, ‘खोलीत उकडते’ आणि ‘मला उकडते’ ही तीन वाक्ये वरवर समानार्थी भासतात. वस्तुतः ती तीन निरनिराळ्या भौतिक राशींकडे बोट दाखवितात, आणि यंत्रावरील आकडा त्यांपैकी एकीचेच, तेही एकाच जागी केलेले, मापन असते. प्रस्तुत टिपणात हा संबंध थोड्या तपशिलाने पाहावयाचा आहे.

प्रथम यंत्राचे कार्य. घरगुती यंत्र गारवा ‘निर्माण’ करते असे म्हणण्याचा प्रघात असला तरी ते करते एवढेच, की आतील हवेतील उष्णता शोषून ती बाहेर नेऊन टाकते. त्याची क्षमता आजही ‘टना’त सांगितली जाते. हा टन वजनाचा नसून बर्फाचा होय : दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळविण्यास जितक्या वेगाने उष्णता लागते, तो वेग म्हणजे एक टन, अर्थात सुमारे साडेतीन किलोवॅट. याचा सरळ अर्थ असा की खोली थंड राहणे हा दोन वेगांतील जमाखर्चाचा प्रश्न आहे. खोलीत उष्णता किती वेगाने येते आणि किती वेगाने बाहेर जाते, या दोहोंचा मेळ जेथे बसेल तेथे तापमान स्थिरावते. प्रत्येक खोलीची आवक निराळी असते, आणि यंत्रापासून दूरच्या खोलीची जावक तर शेजारच्या खोलीच्या मेहेरबानीवर अवलंबून असते. तेव्हा सर्व खोल्या सारख्या थंड राहिल्या तरच आश्चर्य मानावयास हवे.

येथे संज्ञेविषयी एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. विलिस कॅरिअर यांनी १९०२ मध्ये ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी जी यंत्रणा आखली, तिचा मुख्य हेतू कामगारांना गारवा देणे हा नव्हता. दमट हवेने कागद फुगे-आकसे व रंगीत छपाईतील रंग जुळत नसत, म्हणून हवेतील आर्द्रता आटोक्यात ठेवावयाची होती. पुढे १९०६ मध्ये कापडगिरण्यांचे अभियंते स्टुअर्ट क्रेमर यांनी या विद्येस जे इंग्रजी नाव दिले, त्यातही ‘थंड करणे’ नसून हवेला इष्ट स्थितीत आणणे एवढाच अर्थ होता. मराठीतील ‘वातानुकूलन’ हा शब्द या मूळ अर्थाशी प्रामाणिक आहे. बोलीत मात्र ‘एसी’ ही अक्षरे रूढ झाली व त्यांबरोबर ‘थंड करणारे यंत्र’ एवढाच अर्थ उरला. आर्द्रतेचा विचार संज्ञेतून गळाला तो असा.

आता मापनाकडे वळावयाचे. भिंतीवर टांगलेल्या यंत्राच्या आतल्या भागात, जेथून खोलीतील हवा आत ओढली जाते तेथे, एक लहानसा तापसंवेदक असतो. यंत्राचा वेग ठरतो तो त्याच्या सांगण्यावरून. १ जानेवारी २०२० पासून भारतात तारांकित घरगुती यंत्रे मुळात २४ अंशांवर लावलेली असावीत असा नियम झाला. परंतु दिवाणखान्यात ‘२४’ हा आकडा दिसतो तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो की जमिनीपासून सात-आठ फूट उंचीवर, यंत्राच्या तोंडाशी, हवा चोवीस अंशांच्या आसपास आहे. शेजारच्या खोलीविषयी, भिंतींविषयी, छताविषयी, हवेतील बाष्पाविषयी तो आकडा काहीही सांगत नाही.

माणसाचे शरीर मात्र या सर्वांची नोंद घेते. डॅनिश शास्त्रज्ञ ओले फँगर यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तापसुखाचे सहा घटक मांडले : हवेचे तापमान, सभोवतालच्या पृष्ठभागांचे प्रारणाच्या दृष्टीने सरासरी तापमान, हवेचा वेग, आर्द्रता, शरीराच्या चयापचयाचा वेग आणि अंगावरील वस्त्रे. फँगर यांचे प्रयोग प्रयोगशाळेतील नियंत्रित कक्षांत झालेले होते. भारतीय परिस्थितीस अधिक जवळचे असे काम रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेत झाले. शर्मा व शराफत अली यांनी १९८६ मध्ये मांडलेला ‘उष्णकटिबंधीय उन्हाळी निर्देशांक’ हे त्याचे फलित होय. या निर्देशांकात तीन मापने एकत्र येतात. पहिले, ओल्या फडक्याने वेढलेल्या तापमापकाचे, ज्यात आर्द्रता उतरते. दुसरे, काळ्या पोकळ गोलाच्या आत ठेवलेल्या तापमापकाचे, ज्यात तापलेल्या भिंती-छतांचे प्रारण उतरते. तिसरे, हवेच्या वेगाचे. निर्देशांक २५ ते ३० च्या दरम्यान असता भारतीय माणसास सुखावह वाटते व साडेसत्तावीसच्या आसपास सर्वांत बरे वाटते, असे त्यात आढळले. साध्या तापमापकाचा आकडा या सूत्रात स्वतंत्रपणे येतच नाही, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

भाषाभ्यासकास येथे एक परिचित भेद आठवल्यावाचून राहणार नाही. तापमानविषयक शब्दांचा बहुभाषिक अभ्यास २०१५ मध्ये एका मोठ्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्याच्या संपादिका, स्टॉकहोमच्या मारिया कॉप्चेव्स्काया-टाम, यांनी तापानुभवाचे तीन प्रकार कल्पिले आहेत : स्पर्शाने कळणारे वस्तूचे तापमान, सभोवतालच्या वातावरणाचे तापमान, आणि व्यक्तीची स्वतःच्या देहाविषयीची जाणीव. काही भाषा या तिन्हींस निरनिराळे शब्द वापरतात, काही एकाच शब्दावर भागवितात. मराठीत हा भेद शब्दांइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, वाक्यरचनेत दिसतो. ‘खोली तापते’ या वाक्यात ‘खोली’ ही कर्ता आहे. तापणारी ती वस्तू आहे. भिंत तापते, तवा तापतो, पत्रा तापतो, त्याच मालिकेत खोली बसते. ‘खोलीत उकडते’ या वाक्यास कर्ता नाही. मराठी व्याकरणपरंपरेत ज्यांस भावकर्तृक म्हटले जाते, त्या ‘उजाडते’, ‘सांजावते’, ‘गडगडते’ या क्रियापदांच्या पंगतीत हे ‘उकडते’ येते; येथे खोली केवळ अधिकरण, म्हणजे स्थळ. ‘मला उकडते’ यात मात्र अनुभव घेणारी व्यक्ती ‘मला’ या रूपाने प्रवेश करते. थंडीच्या बाबतीतही असेच : ‘फरशी गार आहे’, ‘बाहेर गारठा आहे’, ‘मला थंडी वाजते’.

‘उकडणे’ या क्रियापदाचे स्वयंपाकघरातील नाते विसरून चालणार नाही. बटाटे पाण्यात उकडतात, मोदक वाफेवर उकडतात. शेंगदाणे भाजले जातात, पापड भाजला जातो. ते कोणी ‘उकडले’ म्हणणार नाही. ओली उष्णता आणि कोरडी उष्णता यांतील फरक मराठी गृहिणीच्या क्रियापदांत पक्का आहे, आणि हवामानाविषयी बोलतानाही तो बऱ्याच अंशी टिकतो. उन्हाने अंग भाजते. दमट, निर्वात हवेत उकडते. निखाऱ्याची वा तापलेल्या भिंतीची धग लागते. वाऱ्याबरोबर येतात त्या झळा. मुंबई-कोकणाच्या बातमीत ‘उकाडा’ आणि विदर्भाच्या बातमीत ‘उन्हाचा तडाखा’ असे शब्द येतात, ते केवळ बातमीदाराच्या सवयीने येत नाहीत.

या भेदांचा घराच्या प्रश्नाशी संबंध कसा पोहोचतो हे पाहण्यासाठी सर्वांत वरच्या मजल्यावरील सदनिका हे उदाहरण घेणे सोयीचे. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने येथे सूर्य वर्षातून दोनदा थेट माथ्यावर येतो. मुंबई-पुण्याकडे मेच्या मध्याच्या सुमारास, नागपूरकडे मेच्या अखेरच्या आठवड्यात, आणि पुन्हा जुलैत. मे महिन्यातील भर दुपारी दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडत नाही. सारा मारा गच्चीवर होतो, सकाळी तो पूर्वेच्या भिंतीवर असतो व दुपारनंतर पश्चिमेच्या. ‘दक्षिणेकडची खोली तापते’ हा समज हिवाळ्यात खरा ठरतो, उन्हाळ्यात क्वचितच.

उघड्या काँक्रीट स्लॅबमधून दर चौरस मीटरला, दर अंश फरकास, तीन ते चार वॅट उष्णता आत येते. साडेतीन धरू. खोली बारा चौरस मीटरची, आणि सूर्यतापासह धरलेले बाहेरील तापमान आतल्यापेक्षा वीस अंशांनी अधिक, असे मानले तर एकट्या छतातून ८४० वॅट उष्णता खोलीत उतरते. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे शंभर वॅट उष्णता टाकतो. म्हणजे त्या रिकाम्या खोलीत आठ माणसे अखंड बसलेली आहेत असे समजावे. शिवाय ही उष्णता ऊन पडताच आत येत नाही. स्लॅब ती साठवितो व काही तासांनी खाली सोडतो. नऊ इंची विटांच्या भिंतीस यासाठी सहा-सात तास लागतात. म्हणून पश्चिमेच्या भिंतीची आणि छताची खरी धग दिवेलागणीनंतर जाणवते. त्या वेळी बाहेर वारा सुटलेला असतो आणि खोलीत पाऊल ठेवताच डोक्यावर काहीतरी तापलेले आहे असे वाटते. ‘खोली तापते’ हे वाक्य येथे अक्षरशः खरे आहे. वरील हिशेबाने छताचा आतला पृष्ठभाग खोलीच्या हवेपेक्षा दहा-अकरा अंशांनी अधिक तापलेला असतो. हवा २८ अंश असेल तर छत ३८-३९ अंश. अंथरुणावर उताण्या पडलेल्या माणसाचे सर्वांग त्या छतासमोर असते. त्याला लाभणारे तापमान हवेचे व प्रारणाचे मिळून तिशीच्या घरात जाते.

या खोलीस यंत्र नाही, ते दिवाणखान्यात आहे व मधले दार उघडे ठेवले आहे, अशी व्यवस्था पुष्कळ घरांत असते. उघड्या दारातून गारवा ‘पसरेल’ अशी अपेक्षा असते. दारात काय घडते ते पाहण्यासारखे आहे. थंड हवा जड असल्याने ती दाराच्या खालच्या अर्ध्यातून तापलेल्या खोलीत शिरते आणि उष्ण हवा वरच्या अर्ध्यातून दिवाणखान्याकडे जाते. उंबरठ्याजवळ पाय गार आणि चौकटीच्या वरच्या बाजूस धरलेला हात उष्ण, हा अनुभव कोणासही घेता येईल. दोन मीटर उंच व नव्वद सेंटिमीटर रुंद दारातून, दोन्ही खोल्यांत दोन अंशांचा फरक असता, या अदलाबदलीने सुमारे तीनशे वॅट उष्णता वाहून जाते. फरक चार अंश झाला तर सुमारे नऊशे. छतातून ८४० वॅट येत असतील तर तेवढी उष्णता दाराबाहेर लोटण्यासाठी खोली दिवाणखान्यापेक्षा जवळजवळ चार अंशांनी अधिक तापलेली असावीच लागते. हा यंत्राचा दोष नव्हे. चार अंशांचा फरक ही त्या दाराची किंमत आहे.

यावर सामान्यतः योजिला जाणारा उपाय म्हणजे आकडा खाली आणणे. २४ चे २० केले की दिवाणखाना २० वर येतो आणि आतली खोली २४ च्या आसपास. यंत्राची ताकद पुरली तर. फरक तेवढाच राहतो, छतातून येणारी उष्णता किंचित वाढल्याने कणभर वाढतोही. दिवाणखान्यात बसलेल्या माणसाला थंडी वाजू लागते, तो शाल घेतो, आणि आतून ‘अजून उकडतेच आहे’ असा आवाज येतो. याउलट दारात खाली एक पंखा ठेवून दर सेकंदास ०.३ घनमीटर थंड हवा आत लोटली तर तीच ८४० वॅट उष्णता वाहून नेण्यास सव्वादोन-अडीच अंशांचा फरक पुरतो. पंख्याच्या विजेचा खर्च आकडा खाली आणण्याच्या मानाने नगण्य. दार मिटले की मात्र हा सारा हिशेब संपतो. फटीतून जाणारी हवा मोजण्याइतकीही नसते. आणि रात्री दारे मिटली जातात. अमेरिकेतील घरांत छतातून नळकांड्यांनी प्रत्येक खोलीस थंड हवा पुरविली जाते, तेथेही शयनगृहाचे दार मिटल्यावर हवेस परतीची वाट न राहिल्याने हीच अडचण वेगळ्या वाटेने उभी राहते.

आर्द्रतेचा प्रश्न किनारपट्टीवर अधिक. एक ग्रॅम घाम अंगावर वाळताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता घेऊन जातो. हवा बाष्पाने भरलेली असेल तर घाम वाळत नाही, ओघळतो. मुंबईत जूनमध्ये हवा २७ अंश असूनही ‘उकडते’ ते यामुळे. गरजेपेक्षा मोठे यंत्र घेतले तर ते हवा झटपट गार करून थांबते व बाष्प गोळा करण्यास त्यास वेळच मिळत नाही. खोली गार पण चिकट राहते. अशा खोलीतील माणूस ‘गारवा’ म्हणत नाही, ‘कोंदट वाटते’ म्हणतो, आणि त्याचे म्हणणे बरोबर असते. विदर्भात स्थिती उलट. मे महिन्यात हवा ४३ अंश व आर्द्रता पंधरा टक्के असेल तर ओल्या तापमापकाचा पारा बावीस-तेवीसवर असतो. म्हणून कूलरच्या ओल्या जाळ्यांतून आलेली हवा २६-२७ अंशांपर्यंत उतरू शकते. पण कूलरला हवा बाहेर जाण्याची वाट हवी. ज्या खोलीची पलीकडची खिडकी उघडी असेल तिकडे गारवा ओढला जातो, आणि बंद खोलीत नुसती ओल साचते. यंत्रासाठी खिडक्या लावून घ्यावयाच्या आणि कूलरसाठी उघडावयाच्या. दोन्ही वापरणाऱ्या घरांत या सवयींची सरमिसळ होते व दोन्ही साधने निष्प्रभ ठरतात.

‘मला उकडते’ या तिसऱ्या वाक्यास तज्ज्ञ फारसे महत्त्व देत नाहीत. ती व्यक्तिगत बाब मानली जाते. पण घरात खोल्यांची वाटणी तापमान पाहून होत नाही. यंत्र बहुधा दिवाणखान्यात किंवा मिळवत्या मुलाच्या खोलीत बसते. वडीलधाऱ्यांच्या वाट्यास उरलेली खोली येते, आणि ‘आम्हांला एसी सोसत नाही’ असे तेच म्हणतात. वार्धक्यात घाम येण्याची शक्ती मंदावते, तहान व उष्णता यांची जाणीवही बोथट होते. म्हणजे धोका वाढत असता ‘मला उकडते’ हे वाक्य कमी वेळा उच्चारले जाते. अहमदाबादेत मे २०१० मधील उष्णतेच्या लाटेत त्या महिन्याच्या नेहमीच्या प्रमाणापेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू झाल्याचे नंतरच्या अभ्यासात आढळले, आणि २०१३ मध्ये त्या शहराने उष्णताविषयक कृती-आराखडा स्वीकारला. उष्णतेचे बळी उन्हात काम करणारेच असतात असे नव्हे. तापलेल्या छताखाली झोपलेलेही असतात. अशा वेळी ‘खोलीत किती आहे?’ या प्रश्नापेक्षा ‘संध्याकाळी छताला हात लावून पाहिला का?’ हा प्रश्न अधिक उपयोगाचा.

शहरी बोलीत, आणि विदर्भात तर फार पूर्वीपासून, ‘गरम होते’ हा एकच प्रयोग वरील सर्व अर्थांसाठी चालतो. त्यास अशुद्ध म्हणण्याचे कारण नाही. हिंदीच्या सान्निध्यात तो स्वाभाविक आहे. तथापि कारागिरास ‘आत गरम होते’ एवढेच सांगितले तर तो यंत्र तपासतो. ‘भिंतीची धग लागते’ असे सांगितले तर निदान भिंतीकडे पाहण्याचा संभव असतो. धगीवर उपाय छताचा व भिंतीचा : गच्चीवर चुन्याचा पांढरा थर, पश्चिमेच्या खिडकीस बाहेरून चटई वा पडदा. आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवितो, म्हणून त्याचा उपयोग थोडा. उकाड्यावर उपाय हवेच्या हालचालीचा व बाष्प काढण्याचा. एकाचे औषध दुसऱ्यास लागू पडत नाही.

केंद्र शासनाने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या इको-निवास संहितेत निवासी इमारतींच्या छताची उष्णतावाहकता दर चौरस मीटरला, दर अंशास १.२ वॅटपेक्षा अधिक नसावी अशी मर्यादा घातली आहे. वर घेतलेल्या खोलीस ती लावून पाहिली तर ८४० वॅटचे २८८ वॅट होतात, आणि त्याच उघड्या दारातून तेवढी उष्णता बाहेर जाण्यास चार अंशांऐवजी दोन अंशांचा फरक पुरतो. ही संहिता नव्या बांधकामांसाठी आहे. आधी बांधलेल्या घरांचे स्लॅब आहेत तसेच आहेत, आणि तेथे मार्चअखेरीस गच्चीवर चुना लावण्याचे काम घरमालकाकडेच राहते.